दिवसातून किती वेळा? : आतड्याच्या दीर्घ दाहावरील संशोधनाचा आढावा

"दिवसातून किती वेळा?"

पोटाच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. पेशंट जरा घुटमळतो आणि सांगतो, "होतात तीन-चार वेळा." शेजारी बसलेली बायको मान हलवते. "काय सांगताय? रात्रीचेच चारदा उठता तुम्ही!"

इथवर पोचायला पुष्कळदा महिने, कधी वर्षंही गेलेली असतात. रक्त दिसलं म्हणून मूळव्याधीचं औषध झालं, शेंब पडतो म्हणून आव समजून गोळ्यांचे कोर्स झाले, कुणी संग्रहणी म्हणून ताकावर ठेवलं. शेवटी दुर्बिणीने तपासणी होते आणि कागदावर नाव येतं: इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी.

या नावाखाली दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो. गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो आणि आतलं अस्तर सोलवटून टाकतो. क्रोन्सला अशी सीमा नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही, मधली जागा सोडून सोडून उगवतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. म्हणून कोलायटिसमध्ये रक्त जातं, तर क्रोन्समध्ये आतडं आखडतं, शेजारच्या अवयवाला चिकटतं, भगंदर फुटतं. दोन्हींत शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठलेली असते. अनुवंश, आतड्यातले जिवाणू आणि राहणीमान या तिन्हींचा त्यात हात असतो.

२०१७ मध्ये जगात या आजाराचे सुमारे ६८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे फारसा नाही, हा समज लुधियानाच्या अजित सूद यांच्या चमूने २००३ मध्ये मोडला. पंजाबातल्या ५१,९१० लोकांच्या पाहणीत कोलायटिसचं प्रमाण लाखामागे ४४.३ निघालं.

या आजारावरच्या सत्तर वर्षांतल्या चाचण्या ओळीने वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. औषधांची यादी लांबत गेली हे खरंच. पण उपचारांनी खरी पायरी चढली ती बहुतेक वेळा माप बदललं तेव्हा. काय मोजायचं, कितव्या दिवशी मोजायचं आणि कोणत्या रुग्णात, हे ठरवण्यातच निम्मी लढाई होती. ती अजून संपलेली नाही, आणि आपल्या देशात तर तिची सुरुवातच वेगळ्या जागी होते.

सहाचा आकडा

१९५५ साली ऑक्सफर्डचे सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी कॉर्टिसोनच्या चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. कोलायटिसचे २१० रुग्ण, चिठ्ठी उचलावी तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला कॉर्टिसोन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनच्या गटात ४१ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात १६ टक्के.

या दोघांनी आणखी एक काम केलं, ते त्या निकालापेक्षाही जास्त टिकलं. आजार तीव्र कधी म्हणायचा, हे त्यांनी आकड्यांत बांधलं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप १००च्या वर, नाडी ९०च्या वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली किंवा ईएसआर ३०च्या वर, यांपैकी काही असलं की रुग्ण दाखल करायचा. थर्मामीटर, मनगटावरची बोटं आणि रक्ताची साधी तपासणी एवढ्यावर होणारं हे काम आजही वॉर्डात तसंच चालतं.

कॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडने भडका विझतो, पण तो पुन्हा पेटू नये म्हणून स्टेरॉइड चालू ठेवण्यात अर्थ नाही, हे पुढच्या दहा वर्षांतल्या चाचण्यांनी दाखवलं. चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं ही किंमत वेगळीच. तरी आजही कित्येक जण जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच गोळी आणतात आणि महिनोन्‌महिने घेतात.

भडका थोपवून धरण्याचं काम दुसऱ्या एका औषधाकडे गेलं. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी घडवलेलं सल्फासॅलाझिन कोलायटिसला लागू पडलं. त्यात दोन रेणू जोडलेले होते. त्यांतला कामाचा कोणता? १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ट्रुलव्ह यांच्याबरोबर काम करणाऱ्या आझाद खान या बंगाली डॉक्टरांनी दोन्ही रेणू वेगळे करून, एनिमाच्या वाटे रुग्णांना देऊन ते शोधलं. पुढे बांगलादेशच्या मधुमेह संघटनेचं नेतृत्व केलेल्या या माणसाच्या त्या साध्या प्रयोगातून मेसालामिन बाजारात आलं. सौम्य कोलायटिसचा रुग्ण आज जगात कुठेही पहिली गोळी घेतो ती हीच.

सुईतून आलेली क्रांती

१९९७ मध्ये क्रोन्सच्या १०८ रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली. दाह भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला पकडून ठेवणारी ही प्रतिपिंडं. शिरेतून एकदाच दिलेल्या औषधाने, योग्य मात्रेच्या गटात, चार आठवड्यांत ८१ टक्के रुग्णांना आराम पडला. औषधाविना १७ टक्क्यांना. असा फरक या क्षेत्राने पूर्वी पाहिला नव्हता. मग अडॅलिमुमॅब, व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, रिसँकिझुमॅब अशी रांग लागली. टोफॅसिटिनिब, उपाडॅसिटिनिब यांसारख्या गोळ्याही आल्या.

प्रत्येक अंदाज खरा ठरला नाही. सोरायसिसवर उत्तम चालणारं सेक्युकिनुमॅब क्रोन्सवरही चालेल असं वाटलं होतं. २०१२ च्या चाचणीत त्याने रुग्ण बिघडले. ते औषध ज्या प्रथिनाला रोखतं ते त्वचेत आग लावत असलं, तरी आतड्यात बहुधा राखण करत होतं.

अशा दोन इंजेक्शनांचा एकमेकांशी थेट सामना व्हायला २०१९ उजाडलं. कोलायटिसच्या ७६९ रुग्णांत व्हेडोलिझुमॅब आणि अडॅलिमुमॅब समोरासमोर उभी राहिली. वर्षअखेर आजार शांत असलेले रुग्ण व्हेडोलिझुमॅबच्या गटात ३१.३ टक्के, अडॅलिमुमॅबच्या २२.५ टक्के. निकाल लागला म्हणावं, तर त्याच चाचणीत "स्टेरॉइड पूर्ण सुटून शांत" हे माप लावल्यावर पारडं फिरतं: १२.६ विरुद्ध २१.८. चाचणी तीच, वर्ष तेच, फक्त फूटपट्टी दुसरी. जाहिरातीत कोणता आकडा छापला जातो हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट आकड्यांतच दडलेली आहे. जिंकणाऱ्या औषधानेही तिघांतल्या एकालाच वर्षभर शांत ठेवलं. नवीन औषध येतं, छत थोडं वर सरकतं, पण डोकं आपटायचं राहत नाही.

आधी सौम्य की आधी जालीम?

पूर्वापार पद्धत पायरीपायरीची: आधी साधी गोळी, मग स्टेरॉइड, मग संरक्षणयंत्रणा दाबणारं अॅझाथायोप्रिन, शेवटी इंजेक्शन. औषध तेच ठेवून केवळ वेळ बदलली तर काय होतं, हे पाहणाऱ्या चाचण्या सर्वांत बोलक्या निघाल्या.

२०१० मध्ये क्रोन्सच्या ५०८ रुग्णांत अॅझाथायोप्रिन एकटं, इन्फ्लिक्सिमॅब एकटं आणि दोन्ही मिळून अशी तुलना झाली. २६ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय शांत असलेले अनुक्रमे ३०, ४४ आणि ५७ टक्के. २०२४ मध्ये ब्रिटनमधली प्रोफाइल ही चाचणी प्रसिद्ध झाली. निदान नुकतंच झालेले ३८६ रुग्ण. अर्ध्यांना पहिल्यापासून दोन्ही औषधं, अर्ध्यांना पायरीपायरीने. वर्ष सरत आलं तेव्हा पहिल्या गटातले ७९ टक्के स्टेरॉइड आणि शस्त्रक्रियेविना शांत होते, दुसऱ्यातले १५ टक्के. पोटाची शस्त्रक्रिया पहिल्या गटात एकाला लागली, दुसऱ्यात दहा जणांना. गंमत अशी की चाचणी आखली होती ती रक्तातल्या एका जनुकीय खुणेवरून कुणाला जालीम उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी. ती खूण निरुपयोगी ठरली, वेळ उपयोगी ठरली.

दरम्यान "बरं वाटणं" या मापाचीही उलटतपासणी झाली. पेशंटला बरं वाटत असताना आत व्रण तसेच असू शकतात. क्रोन्सच्या २४४ रुग्णांच्या एका चाचणीत निम्म्यांचे उपचार लक्षणं पाहून वाढवले, निम्म्यांचे लक्षणांबरोबरच मळातलं कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी या दाहाच्या खुणा पाहून. वर्षभराने अस्तर भरून आलेले ३० विरुद्ध ४६ टक्के. मळाची छोटी डबी प्रयोगशाळेत नेऊन देणं कुणालाच आवडत नाही. पण आतड्यात काय चाललंय ते सर्वांत स्वस्तात सांगते ती हीच.

आपल्याकडे या निष्कर्षांची पहिली अडचण पैशाची. म्हणून अॅझाथायोप्रिन अजून कणा आहे आणि म्हणूनच कोरियन संशोधकांचा २०१४ चा शोध आपल्या कामाचा आहे. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायक पातळीला घसरतात. युरोपीय लोकांत हा बदल दुर्मीळ, आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळणारा. युरोपातली पुस्तकं वाचून मात्रा ठरवली तर हा धोका दिसतच नाही. इंजेक्शनांच्या किमती खाली आणल्या त्या जैवसदृश (बायोसिमिलर) औषधांनी. अडॅलिमुमॅबची जगातली पहिली अशी आवृत्ती झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच आणली. मूळ इन्फ्लिक्सिमॅबवरून त्याच्या जैवसदृशावर गेल्याने बिघडत नाही ना, हे नॉर्वेने सरकारी खर्चाने ४८२ रुग्णांत तपासलं, त्यात आयबीडीचेही रुग्ण होते. आजार वाढण्याचं प्रमाण २६ आणि ३० टक्के, म्हणजे आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिलं.

क्षयाचं कोडं

पाश्चात्त्य चाचण्या निदान झाल्यानंतर सुरू होतात. आपल्याकडे निदान हाच पहिला संशोधनाचा प्रश्न आहे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तीच जागा क्रोन्सलाही आवडते आणि आतड्याच्या क्षयालाही. ताप, वजन उतरणं, उजव्या बाजूला पोट दुखणं, व्रण, गाठी: दोन्हींत सगळं सारखं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांवरून हा आजार मांडला, तेव्हा त्यांनाही आधी हा क्षय नव्हे हेच दाखवावं लागलं होतं.

दुर्बिणीच्या पडद्यावर जाणकार डोळा काही खुणा शोधतो. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला कडं घातल्यासारखे. क्रोन्सचे उभे, लांबट, मधे निरोगी जागा सोडणारे. पण खुणा दर वेळी इतक्या सरळ नसतात आणि तुकडा तपासूनही क्षयाचा जंतू अनेकदा हाती लागत नाही.

चूक दोन्हीकडून महाग पडते. क्षय असताना क्रोन्स समजून टीएनएफ रोखणारं औषध दिलं तर दबलेला जंतू मोकळा सुटतो. २००१ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतले ६४ क्षय कमी असलेल्या देशांतले होते. जिथे क्षय घरोघर आहे तिथे काय होईल, याचा इशारा त्यातच होता. म्हणून आपल्याकडे इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे, सीटी, रक्ताची चाचणी ही वाट चुकवता येत नाही.

उलट चूकही तेवढीच वाईट. शंका असेल तर क्षयाच्या गोळ्या सुरू करून पाहू, ही आपली जुनी रीत. दिल्लीच्या एम्समधल्या विनीत आहुजा, गोविंद माखारिया आणि सहकाऱ्यांनी या रितीलाच शिस्त लावली. क्षयाच्या गोळ्यांवर क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरं वाटतं, त्यामुळे पेशंटच्या म्हणण्यावर निर्णय सोडायचा नाही. दुर्बिणीने पुन्हा पाहायचं. क्षय असेल तर व्रण बुजतात, क्रोन्सचे क्वचितच बुजतात. याच संस्थेच्या २०२० मधल्या अभ्यासाने पुढचं बजावलं: क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाच्या गोळ्यांवर ठेवलं की आतडं आखडण्याचा धोका वाढतो. क्षय पक्का असेल तर सहा महिन्यांचे उपचार नऊ महिन्यांइतकेच चालतात, हेही भारतीय रुग्णांच्या चाचणीने २०१५ मध्ये दाखवलं. इथे औषध नवं एकही नाही. कधी आणि काय पाहायचं, एवढंच नवं आहे.

तिसऱ्या दिवसाचा हिशेब

तीव्र कोलायटिसचा रुग्ण दाखल झाला की शिरेतून स्टेरॉइड सुरू होतं. खाटेच्या पायथ्याशी कागद लटकतो: किती वेळा, रक्त होतं का, रात्री किती. साधारण तिघांतल्या एकाला स्टेरॉइड लागू पडत नाही. आणखी वाट पाहिली तर आतडं फुगून फुटण्याची भीती, घाई केली तर वाचणारं आतडं कापलं जाण्याची. १९९६ मध्ये ऑक्सफर्डनेच या कोंडीला आकडा दिला: तिसऱ्या दिवशी आठपेक्षा जास्त जुलाब, किंवा तीन ते आठ जुलाब आणि सीआरपी ४५च्या वर असेल, तर त्याच मुक्कामात मोठं आतडं काढावं लागण्याची शक्यता ८५ टक्के. तिसरा दिवस हा तेव्हापासून निर्णयाचा दिवस ठरला. आशेवर आठवडा काढायचा नाही.

पुढच्या औषधासाठी १९९४ मध्ये सायक्लोस्पोरिनच्या अवघ्या २० रुग्णांच्या चाचणीने वाट उघडली: औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जण सुधारले, न मिळालेल्या ९ पैकी एकही नाही. इन्फ्लिक्सिमॅब आणि सायक्लोस्पोरिन यांच्या पुढच्या सामन्यांत दोन्ही बरोबरीत सुटली. यात भर घातली ती लुधियानाने. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०४ रुग्णांना स्टेरॉइडबरोबर टोफॅसिटिनिबच्या गोळ्या किंवा औषधाविना गोळ्या दिल्या. सातव्या दिवशी सुधारलेले ८३ विरुद्ध ५९ टक्के. एकाला मेंदूच्या शिरेत गुठळी झाली, हेही संशोधकांनी नोंदवलं. भडकलेल्या कोलायटिसमध्ये रक्त तसंही गोठायला टपलेलं असतं. रक्तस्राव होत असतानाही गुठळी टाळणारं हेपारिन देतात ते त्यासाठीच. नातेवाइकांना हे पटवणं हे वॉर्डातलं रोजचं अवघड काम. या गोळीची जेनेरिक रूपं आपल्याकडे मिळतात, त्यामुळे हा निकाल तालुक्याच्या गावापर्यंत पोचू शकतो.

भगंदर, आखडलेलं आतडं आणि सुरी

भगंदर म्हटलं की आपल्याला भिंतीवरच्या जाहिराती आठवतात. साध्या भगंदराला क्षारसूत्राने कापत नेणं चालतं. क्रोन्सच्या भगंदराला कापणारा दोरा घातला तर गुदद्वाराचा स्नायू जायचा आणि जखम भरायची नाही. इथे सैल दोरा घालून पू वाहता ठेवायचा आणि दाह औषधाने दाबायचा. १९९९ च्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅबने ६८ टक्के रुग्णांची निम्मी किंवा जास्त तोंडं बंद झाली, औषधाविना २६ टक्के. चरबीतून काढलेल्या मूळ पेशींनी २०१६ मध्ये मोठी आशा दाखवली. पुढच्या, अधिक मोठ्या चाचणीत ती टिकली नाही आणि युरोपच्या बाजारातून ते उत्पादन मागे घेतलं गेलं. एका गोड निकालावर विसंबू नये, याचा हा ताजा धडा.

आखडलेल्या आतड्याला औषधाने फार साधत नाही. तिथे शस्त्रक्रिया लागते आणि तिच्याकडे हार म्हणून पाहायची सवय चाचण्यांनीच मोडली. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला क्रोन्स असलेल्या १४३ रुग्णांत इन्फ्लिक्सिमॅब आणि दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षभरानंतर जगणं दोन्ही गटांत सारखंच सुसह्य होतं. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं तर औषधाच्या गटातल्या ४८ टक्के लोकांची शस्त्रक्रिया झाली होती. आधीच शस्त्रक्रिया झालेल्यांत दुसरी कुणालाच लागली नव्हती.

कर्करोगाची भीती प्रत्येक कोलायटिसच्या रुग्णाला असते. २००१ चा जुना एकत्रित अंदाज ३० वर्षांत १८ टक्के असा होता. नंतरच्या अभ्यासांत धोका बराच कमी दिसला. दाह दाबलेला राहणं आणि आठेक वर्षांनंतर नियमित दुर्बीण, हे दोन्ही त्यासाठी लागतं.

हळद, इसबगोल आणि उसना मळ

"डॉक्टर, खायचं काय?" या प्रश्नाला विज्ञानाने फार काळ टाळलं. आता थोडी उत्तरं आहेत. मेसालामिनबरोबर रोज ३ ग्रॅम हळदीतलं कर्क्युमिन घेतलेल्या गटात महिनाभरात निम्म्याहून अधिक रुग्ण शांत झाले, असं २०१५ ची छोटी चाचणी सांगते. एम्सने २०१७ मध्ये ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. फरक पडला नाही. म्हणजे प्रश्न मात्रेचा असावा, आणि दुधातली चिमूटभर हळद दोन्ही चाचण्यांच्या जवळपासही येत नाही. स्पेनमध्ये इसबगोलने कोलायटिस थोपवण्यात मेसालामिनशी बरोबरी केल्याची १९९९ ची नोंद आहे. पण १०५ रुग्णांची ही चाचणी उघडी होती, कुणाला काय दिलं हे सर्वांना ठाऊक होतं. आखडलेल्या आतड्यात तर इसबगोल अडकूनच बसेल.

सर्वांत धीट प्रयोग निरोगी माणसाचा मळ रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा. २०२२ मध्ये भारतीय संशोधकांनी ६६ रुग्णांतल्या ३५ जणांना खेड्यातल्या अनेक दात्यांचा ताजा मळ आठवड्याला एकदा, सात आठवडे दिला आणि जोडीला दाह कमी करणारा आहार. बाकीचे नेहमीच्या औषधांवर. आठ आठवड्यांनी शांत झालेले ६० विरुद्ध ३२ टक्के. नंतर फक्त आहारावर राहूनही बऱ्याच जणांचा आजार वर्षभर दबला. गट लहान आहेत आणि मळ की आहार हेही सुटं झालेलं नाही. पण शहरातल्या आतड्यातून काहीतरी हरवलंय आणि ते अजून गावात सापडतं, ही शक्यता कुणालाही विचारात पाडेल.

लागल्यावर धरवतं का?

१९५५ मध्ये जुलाब मोजले. मग व्रण मोजले, स्टेरॉइडविना काढलेले महिने मोजले, टळलेल्या शस्त्रक्रिया मोजल्या. २०२३ मध्ये मिरिकिझुमॅबच्या कोलायटिसवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांत शून्य ते दहाची एक नवी पट्टी होती: संडासला लागल्यावर घाई किती होते?

पेशंट हे पहिल्यापासूनच सांगत होते. दिवसातून तीनदाच जाणाऱ्यालाही एसटीत बसवत नाही, कारण ती तीन वेळा केव्हा येतील हे ठाऊक नसतं. तो लग्नाला जाताना आधी कार्यालयाचा मागचा दरवाजा बघून ठेवतो. वारीला जायचं मनात असतं, जमत नाही. आकड्यात मात्र हे कधी आलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं जातंय. तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांनी "दिवसातून किती वेळा?" विचारल्यावर बायकोने मान हलवायची वाट बघू नये. त्या माणसाने स्वतःच सांगावं: "वेळा कमी झाल्यात, पण कोल्हापूरला अजून एसटीने जाता येत नाही." डॉक्टरांनी तेही केसपेपरवर लिहून घ्यावं.